कबड्डीच्या मैदानात झगडा: पंचांनी आधी काय करायचं, ऐन वेळी काय करायचं

गावच्या कबड्डी स्पर्धेत धक्काबुक्की सुरू झाली की बहुतेक पंच शिट्टी तोंडात धरून थेट घोळक्यात शिरतात. पाच मिनिटांनी घोळका सुटतो, तेव्हा पहिला हात कोणी उचलला हे त्यांनाच सांगता येत नाही. मग 'दोन्हीकडून एकेक लाल कार्ड' अशी वाटणी होते, काहीच न केलेला पोरगा बाहेर जातो आणि पुढच्या भांडणाचं बी तिथंच पेरलं जातं.

अंगावर जाऊन भांडण सोडवायला गावात माणसं भरपूर असतात. कोणी काय केलं हे तटस्थपणे पाहणारा मात्र पंचांशिवाय तिथे कोणीच नसतो. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीसाठी आहे.

एक खुलासा आधीच: या लेखात 'सरपंच' म्हणजे सामन्याचा सरपंच, म्हणजेच मुख्य पंच, ग्रामपंचायतीचा नव्हे. माइकवरूनही हा फरक सांगून ठेवा. 'सरपंचांनी आऊट दिला' असं ऐकून भलत्याच माणसाला शिव्या पडायला नकोत.

टप्पा १: सामन्याच्या दोन तास आधी मैदान पाहा

झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा, दिवस असो की वऱ्हाडात कापूस-सोयाबीन घरात आल्यावरची रात्रीची स्पर्धा असो, अर्धी भांडणं मैदान आखतानाच तयार झालेली असतात.

मापं टेपने मोजा, पावलांनी नको. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर, महिला आणि कनिष्ठ गटाचं १२ × ८ मीटर. पुरुषांसाठी मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायचीच ती रेषा) ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा (जादा गुणासाठीची). दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रं, म्हणजे लॉबी, १ मीटर रुंद. एका अंगणाची, म्हणजे मैदानाच्या अर्ध्या भागाची, बोनस रेषा दुसऱ्यापेक्षा वीतभर पुढे गेली, तर मध्यंतरानंतर अंगणं बदलल्यावर बोनसवरून वाद होणारच, आणि त्या वादात चूक खेळाडूंची नसेल.

काळ्या मातीवर फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) टिकत नाही. चार-पाच पकडी झाल्या की मध्यरेषा पुसट होते, आणि चढाईपटूचा हात रेषेला लागला की नाही यावरच तर सगळ्यात मोठा वाद होतो. फक्कीचं एक पोतं आणि एक माणूस यासाठीच राखून ठेवा. मध्यंतरात सगळ्या रेषा, आणि प्रत्येक टाइम-आऊटला किमान मध्यरेषा पुन्हा मारून घ्या. जाडी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. रेषा जितकी जाड, तितकी वादाला जागा.

दोर कुठे बांधला आहे ते पाहा. बाजूच्या रेषांपासून किमान ३ मीटर मोकळे हवेत. अंतिम रेषेच्या मागे २ मीटरवर बाद खेळाडूंची बसायची जागा असते, म्हणून तिथे दोर ५ मीटर मागे न्या. प्रेक्षकांसाठी उभी केलेली ट्रॅक्टरची ट्रॉली कोणत्याही संघाच्या बाकामागे नको. वरून पडणारी एक शिवी खालच्या बदली खेळाडूला उठवायला पुरेशी असते.

आता मैदानाभोवती एक फेरी मारा, पण नजर हत्यारांवर ठेवून. थंडीत शेकोटी लागतेच. तिच्यासाठी आणलेल्या पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग दोराला लागून असेल तर तो उचलायला लावा. दोराच्या बल्ल्यांना टेकू म्हणून ठेवलेल्या विटा, सुट्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि काचेच्या बाटल्या हटवा. संघांच्या बाकावर सुट्या खुर्च्यांऐवजी सतरंजी बरी. सतरंजी उचलून कोणी कोणाला मारत नाही.

वीज हा वेगळा मुद्दा. दिवे गेले की अंधारात एक फटका बसतो आणि दिवे आल्यावर झगडा सुरू होतो. जनरेटर तयार आहे का, तो चालू व्हायला किती वेळ लागतो, हे स्वतः विचारा. प्रत्येक पंचाच्या खिशात टॉर्च हवी.

> तपासा: टेपची मापं घेतली? फक्की शिल्लक आहे? दोर मागे आहे? बाकाजवळ विटा, काठ्या, बाटल्या नाहीत? पोलीस पाटील किंवा आयोजकांचा एक जबाबदार माणूस मैदानावर थांबणार आहे, आणि तो कुठे बसणार हे तुम्हाला माहीत आहे?

टप्पा २: कागद आणि वजन, मैदानाबाहेरच

'तो खेळाडू त्यांच्या गावचा नाहीच', 'साठ किलोत पासष्टचा खेळवला' हे वाद तिसऱ्या चढाईला सुरू झाले तर ते मिटवायची सोय पंचाकडे नसते. आधार कार्ड, बाहेरच्या खेळाडूंची मर्यादा आणि वजन ही कामं आयोजकांच्या टेबलावर, दोन्ही व्यवस्थापकांच्या समोर संपवा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. वजनकाटा एकच ठेवा आणि तो सपाट फरशीवर ठेवा. मातीवर ठेवलेला काटा दर वेळी वेगळं सांगतो.

सही झाल्यावर त्या विषयावर मैदानात चर्चा नाही. तक्रार असेल तर लेखी, समितीकडे.

नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको, हातात कडं किंवा अंगठी नको. ही तपासणी टाळली जाते आणि मग पकडीत ओरखडा उमटतो. ओरखडा म्हणजे 'मुद्दाम केलं'. त्यावर पुरावा कोण देणार?

पिऊन आलेल्या खेळाडूला यादीतूनच वगळा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून हा मुद्दा गाळू नका.

टप्पा ३: कर्णधार, प्रशिक्षक आणि माइकवाला यांच्यासोबत पाच मिनिटं

नाणेफेकीच्या आधी दोन्ही कर्णधार, दोन्ही प्रशिक्षक आणि समालोचक यांना एकत्र उभं करा. माइकवाल्याला वगळू नका. मैदान पेटवायला त्याचं एक वाक्य पुरतं. एवढ्याच गोष्टी सांगा:

१. पंचांशी फक्त कर्णधार बोलेल.
२. शिट्टीनंतर पकड लगेच सोडायची. शिट्टीनंतरचा धक्का म्हणजे कार्ड.
३. तोंड दाबणं, गळा आवळणं, पायाची कैची घालणं चालणार नाही. अशा पकडीत चढाईपटू बाद नाही.
४. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. बाहेर गेलेल्याच्या जागी बदली मिळत नाही. कार्ड प्रशिक्षकालाही मिळतं.
५. मोबाइलवरचं शूटिंग पाहून निर्णय बदलणार नाही.
६. चढाई चालू असताना दिवे गेले तर ती चढाई रद्द, पुन्हा तीच. अंधारात सगळे जागीच खाली बसतील.

माइकवाल्याला वेगळं सांगा: वादाच्या वेळी निर्णयावर टिप्पणी नाही, 'पंच विचार करत आहेत' एवढंही नाही. आणि 'या चढाईला गुण आणला तर पाचशे रुपये' ही घोषणा सामना चालू असताना करायची नाही. बक्षीस देणाऱ्याचा उत्साह मान्य आहे, पण त्या पाचशे रुपयांनी साधी चढाई इज्जतीची होते. घोषणा मध्यंतरात करा, पैसे सामन्यानंतर द्या.

टप्पा ४: पंचांची आपसातली वाटणी

हा टप्पा जवळपास सगळीकडे गाळला जातो. मैदानावर उतरायच्या आधी सहा जणांनी, म्हणजे सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक यांनी, झगडा झाला तर कोण काय करणार हे तोंडी ठरवायचं:

- जवळचा पंच: शिट्टी आणि आवाज. दोघांना वेगळं व्हायला सांगतो, हातभर अंतर राखतो.
- लांबचा पंच: दोन्ही बाकांकडे तोंड. उठलेल्याला बसवतो, न बसणाऱ्याचा नंबर लक्षात ठेवतो.
- सरपंच: तीन-चार मीटर मागे सरकतो, म्हणजे सगळं मैदान नजरेत राहतं. नंबर आणि कृती टिपतो. कोणालाही हात लावत नाही.
- गुणलेखक: घड्याळ थांबवतो. वेळ, गुण, चढाई कोणाची, दोन्हीकडे मैदानात किती खेळाडू, हे त्याच क्षणी लिहितो.
- दोन सहायक गुणलेखक: आपापल्या अंतिम रेषेमागच्या बाद खेळाडूंना जागेवर बसवून ठेवतात.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. कबड्डीत एका बाजूचे पाच-सहा खेळाडू एकाच वेळी बाद असू शकतात. ते गरम डोक्याने, मैदानापासून दोन मीटरवर बसलेले असतात. दोघांचं भांडण बारा जणांचं होतं ते इथून. सहायक गुणलेखक म्हणून आयोजकांचा कोणीही पोरगा बसवू नका. ज्याच्या शब्दाने पोट्टे खाली बसतील असा माणूस हवा, गावच्या शाळेचे क्रीडाशिक्षक मिळाले तर उत्तम. महिलांच्या सामन्यात या दोन्ही जागांवर महिला हव्यात, म्हणजे बाहेरचे पुरुष 'सोडवायला' मैदानात येत नाहीत.

टप्पा ५: पहिली पाच मिनिटं कडक

सामना कसा चालणार हे खेळाडू पहिल्या तीन-चार पकडींत ओळखतात. पहिल्याच ढिगात कोणी शिट्टीनंतर चढाईपटूला दाबून ठेवलं तर तिथेच हिरवं कार्ड दाखवा. 'सुरुवात आहे, जाऊ द्या' म्हणणारा पंच विसाव्या मिनिटाला लाल कार्ड काढतो, आणि तेव्हा ते कोणी मानत नाही.

निर्णय एका सेकंदात, हाताच्या स्पष्ट खुणेने द्या. रात्री १० नंतर माइक बंद असतो आणि गोंगाट मात्र तेवढाच, त्यामुळे लोकांना फक्त तुमचा हात दिसतो. खात्री नसेल तर शिट्टी देऊन सरळ सरपंचाकडे पाहा. खेळाडूंकडे पाहू नका. पंचाने गोंधळून खेळाडूंच्या तोंडाकडे पाहिलं की चौदा जण एकदम बोलायला लागतात.

ढीग पडला की शिट्टी, लगेच मोठ्याने 'सोडा!', आणि वरच्या खेळाडूपासून एकेक उठवा. खालच्याला ओढायला गेलात तर वरचा त्याच्यावर पाय देतो.

टप्पा ६: ठिणगी ओळखा

झगड्याच्या आधी दोन-तीन खुणा जवळजवळ नेहमी दिसतात.

एकच जोडी पुन्हा पुन्हा भिडते. आठ नंबरच्या चढाईपटूला चार नंबरनेच तिसऱ्यांदा पकडलं आणि दर वेळी उठताना खांदा लागला, तर चौथ्या वेळी हात उठेल. दोघांच्या कर्णधारांना बोलवा, खेळाडूंना नको: 'तुमचा चार आणि तुमचा आठ, पुढच्या वेळी थेट पिवळं.' दहा सेकंदांत संपवा.

मांडीवर थाप मारणं हा खेळाचाच भाग आहे. बाद झालेल्याच्या तोंडासमोर जाऊन मारली तर ते चिथावणं आहे, कार्ड द्या.

गुणफलक चुकला की बाकं उभी राहतात. दोन्ही संघांचे गुण दर पाच मिनिटांनी गुणलेखकाशी ताडून घ्या. बाद खेळाडू कोणत्या क्रमाने परत येतो हेही सहायकाने लिहूनच ठेवायचं. क्रम चुकवून चांगला चढाईपटू आधी उठवण्याचा प्रयत्न होतोच.

आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे बोलका कर्णधार अचानक गप्प होतो आणि आपल्या बाकाकडे पाहायला लागतो. इथे सरपंचाने स्वतःहून खेळ थांबवावा. रेषा मारून घेण्याचं निमित्त चांगलं आहे. फक्कीवाल्याला दोन मिनिटं काम द्या, तेवढ्यात डोकी निवतात.

> सावधान: 'काहून आऊट देल्ला?' असं एखादा ओरडला म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. कारण एकदाच, कर्णधाराला, एका वाक्यात: 'लॉबीत स्पर्शाआधी पाय गेला.' दुसऱ्यांदा कारण सांगितलं की ती चर्चा होते.

टप्पा ७: हात उठला

१. शिट्टी: तीन लांब. एक छोटी शिट्टी चढाईची वाटते.

२. घड्याळ बंद. गुणलेखकाने हात वर करून दाखवायचं.

३. आवाज: नावाने नाही, नंबराने. 'चार नंबर, मागे! आठ नंबर, मागे!' नाव घेतलं की ओळख दिसते, आणि ओळख दिसली की पक्षपाताचा आरोप येतो.

४. दोघांच्या मध्ये उभं राहू नका आणि मागून कंबरेला मिठी मारू नका. ज्याला मागून धरलं त्याचे हात अडकतात आणि समोरचा त्याला मोकळेपणी मारतो. धरायचंच असेल तर त्याच संघाच्या कर्णधाराला सांगा: 'तुझा खेळाडू तू घेऊन जा.' आपल्या माणसाचा हात खेळाडू झटकत नाही, पंचाचा झटकतो. आणि तो झटका 'पंचावर हल्ला' होऊन बसतो.

५. बाकी खेळाडू आपापल्या अंतिम रेषेकडे. मध्यरेषेजवळ कोणीच नको. दोन संघांत मैदानाची लांबी राहिली की निम्मं काम झालं.

६. प्रेक्षक दोराच्या आत आले तर पंचांनी त्यांच्यामागे जायचं नाही. ते पोलीस पाटील आणि आयोजकांचे कार्यकर्ते पाहतील. पंचांची नजर खेळाडूंवरच. दोरापाशी गर्दी हटवायला गेलेल्या सरपंचाच्या पाठीमागे काय झालं, हे नंतर कोणी सांगत नाही.

७. कोणाच्या डोक्याला किंवा मानेला मार असेल तर त्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. १०८ लावा. बाकी सगळं नंतर.

> सावधान: झगडा चालू असताना कार्ड काढू नका. लाल कार्ड मिळालेल्याला आता गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि तो अजून हाताच्या अंतरावर असतो.

टप्पा ८: निर्णय

दोन्ही संघ वेगळे झाल्यावर सरपंच आणि दोन्ही पंच मैदानाच्या मध्यभागी एकत्र येतात, पाठी एकमेकांना आणि तोंडं संघांकडे. कर्णधार, आयोजक, पाहुणे कोणीही जवळ नको.

विचारायचे प्रश्न याच क्रमाने: पहिली कृती कोणाची? नंबर? उत्तर म्हणून काय झालं, कोणी केलं? बाकावरून किंवा बाद जागेवरून कोण मैदानात आलं? प्रत्येकाने स्वतः पाहिलेलंच सांगायचं. जे एकाही पंचाने पाहिलं नाही त्यावर कार्ड नाही, मग संघ कितीही ओरडो. हा नियम सोडला की 'बरोबरीची वाटणी' सुरू होते.

ठोसा, लाथ, डोक्याने धडक: लाल. सोडवायच्या निमित्ताने पळत येऊन धक्का देणारा तिसरा खेळाडू: तोही लाल. मूळ दोघांपेक्षा हा तिसरा बऱ्याचदा जास्त दोषी असतो आणि हमखास सुटतो. नुसता धक्का, छाती पुढे करून चिथावणं: पिवळं. आई-बहिणीवरून किंवा जातीवरून शिवी असेल तर ती पंचाने ऐकली पाहिजे, पण ऐकली असेल तर 'गावाकडं असंच बोलतात' म्हणून सोडू नका.

आधी दोन्ही कर्णधारांना बोलवून सांगा, मग कार्ड दाखवा, मग गुणलेखकाकडे नोंद, आणि सगळ्यात शेवटी माइक. माइकवरून आधी कळलं तर कर्णधार मैदानातून संघ बाहेर काढतो, कारण आता त्याला गावासमोर भूमिका घ्यावी लागते.

लाल कार्डवाला बाकावर बसत नाही. तो दोराच्या बाहेर, शक्य तर मैदानाबाहेर, त्याच्या व्यवस्थापकाबरोबर.

टप्पा ९: खेळ जिथे थांबला तिथूनच

गुणलेखकाने टिपलेले चार आकडे मोठ्याने वाचा: वेळ, गुण, चढाई कोणाची, दोन्हीकडचे खेळाडू. दोन्ही कर्णधारांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय शिट्टी नाही. झगड्याच्या क्षणी पूर्ण झालेल्या चढाईचे गुण कायम राहतात. लोक चिडलेत म्हणून ते रद्द करू नका.

पहिल्या तीन चढायांना दोन्ही पंच मध्यरेषेला नेहमीपेक्षा जवळ राहतात. पुन्हा काही घडलं तर ते याच तीन चढायांत घडतं.

सामना बरोबरीत सुटला तर दोन्हीकडून पाच-पाच चढाया होतात. त्या आधी एक मिनिट थांबून नियम पुन्हा सांगा: सातही खेळाडू मैदानात, निदान रेषाच बोनस रेषा. थकलेल्या, तापलेल्या खेळाडूंना हे आठवत नसतं, आणि तिथे नवा वाद जुन्या झगड्याला जाऊन चिकटतो.

टप्पा १०: सामना थांबवायचा असेल तर

तीनपैकी एक जरी झालं तरी थांबवा: पंचावर हात, मैदानात काठी किंवा दगड, किंवा दुसऱ्यांदा प्रेक्षक आत. 'शेवटची पाच मिनिटंच राहिलीत, उरकून घ्या' असा आग्रह बक्षीस देणाऱ्यांकडून होईल. ऐकू नका.

विजेता जाहीर करू नका. त्या क्षणाचे गुण आणि वेळ कागदावर, दोन्ही व्यवस्थापकांच्या सह्या, बाकी निर्णय समितीचा. एखादा सही देत नसेल तर 'सही नाकारली' असं लिहा आणि पुढे चला. आवरत नसेल तर ११२.

पंच एकत्रच निघतात. मोटारसायकली आधीपासून बाहेरच्या दिशेला तोंड करून, मैदानापासून थोड्या लांब लावलेल्या असाव्यात. हरलेल्या गावातून जाणारा रस्ता टाळता येत असेल तर टाळा.

टप्पा ११: अहवाल त्याच रात्री

तिन्ही पंचांनी आधी वेगवेगळं लिहायचं, मग एकत्र बसायचं. आधी बोलून मग लिहिलं की तिघांचं एकच होतं, आणि ज्याने काही पाहिलंच नाही तोही साक्षीदार बनतो.

'खेळाडूने गैरवर्तन केले' या वाक्याने समितीला काहीच कळत नाही. असं लिहा: 'दुसऱ्या सत्रात १२ मिनिटं झाली असताना, पकडीची शिट्टी झाल्यावर, चार नंबरने उजव्या हाताची मूठ आठ नंबरच्या तोंडावर मारली. आठ नंबरने दोन्ही हातांनी ढकललं. बाद जागेवरून अकरा नंबर मैदानात आला आणि त्याने चार नंबरला लाथ मारली.' वेळ, नंबर, शरीराचा भाग, कृती. कारण, हेतू, गावांची जुनी दुष्मनी यातलं काही नको.

वेगवेगळ्या नोंदींत फरक असेल तर तो खोडू नका. 'पंच क्रमांक दोन यांनी ही कृती पाहिली नाही' असं लिहिलेला अहवाल जास्त टिकतो. गुणपत्रकाचा आणि अहवालाचा फोटो काढून ठेवा, मूळ प्रत समितीच्या हातात द्या आणि पोच घ्या.